फुलगोरावरचं भंगार: स्प्लिटर, रोबो की सुशी लूप?

डिचोलीकर
फॅक्टोरिओ या कारखाने उभारायच्या कॉम्प्युटर गेमच्या ‘स्पेस एज’ या विस्तारात फुलगोरा ग्रहावर खाणीतून खनिज नाही, भंगार निघतं. ते रिसायकलरमध्ये घातलं की बारा जिन्नस बाहेर पडतात: गियर 20 टक्के, सॉलिड फ्युएल 7, काँक्रीट 6, बर्फ 5, पोलाद, बॅटरी आणि दगड 4-4, लाल सर्किट आणि तांब्याची तार 3-3, निळं सर्किट 2, लो डेन्सिटी स्ट्रक्चर आणि होल्मियम 1-1. बेरीज 60. म्हणजे 100 भंगारातून सरासरी 60 नग.

माझं मत सरळ आहे. हे वेगळं करायला फिल्टर लावलेले स्प्लिटर पुरेत, म्हणजे सरकत्या पट्ट्याला (बेल्टला) दोन फांद्या फोडून ठरावीक जिन्नस एकीकडे वळवणारे भाग. माल वाहणारे उडते रोबो नकोत, नियंत्रणाच्या सर्किटच्या तारा नकोत.

हिशेब असा. साधा रिसायकलर सेकंदाला 2.5 भंगार खातो. दहा लावले की 25 भंगार आत, 15 नग बाहेर. आत न्यायला लाल बेल्ट (सेकंदाला 30) हवाच. बाहेरचे 15 पिवळ्यावर बसतात, पण काठोकाठ. म्हणून तिथेही लाल. रिसायकलर बेल्टच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच ठेवा. दहाही एकाच बाजूला लावले तर बेल्टच्या दोन लेनपैकी एकच भरते आणि दुसरी मोकळी पळत राहते.

पुढे ओळीने अकरा स्प्लिटर, प्रत्येकावर एक फिल्टर. बारावा जिन्नस आपोआप उरतो. पहिला फिल्टर गियरचा, कारण बेल्टवरचा दर तिसरा नग गियरच असतो. तो निघाला की पुढचा बेल्ट मोकळा श्वास घेतो.

चोडणचो रोबो
आणि गियरची फांदी भरली की? फिल्टर लावलेला नग स्प्लिटर दुसऱ्या बाजूला कधीच सोडत नाही. गियर तोंडाशी अडकला की मागचं होल्मियमही अडकलं, दहाही रिसायकलर थंड. अकरा स्प्लिटर म्हणजे अडकायच्या अकरा जागा.

रोबोंचं सोपं आहे. रिसायकलरचं तोंड थेट जांभळ्या पेटीत, म्हणजे रोबोंना माल देणाऱ्या पेटीत. रोबो उचलतात आणि साठवणीच्या पिवळ्या पेट्यांत टाकतात. प्रत्येक पिवळ्या पेटीला फिल्टर लावला की झालं, चवथीच्या माटोळीला बांधल्यासारखा एकेक जिन्नस आपापल्या जागी. बेल्टचं जाळं विणायला नको, आणि फुलगोराच्या चिंचोळ्या बेटांवर जागा वाचते ती वेगळीच.

फोंड्याची स्प्लिटरवाली
चोडणकर बाब, तुझ्याच पेटीचा हिशेब कर. पेटीत 48 खण, खणात 100 गियर, एकूण 4800. वरच्या मांडणीत गियर मिनिटाला 300 येतात. सोळा मिनिटांत पेटी भरली! मग दुसरी, मग तिसरी. सगळ्या भरल्या की रोबोंना माल टाकायला जागा उरत नाही आणि जांभळी पेटी तुंबते. अडायचं ते अडलंच, फक्त दोन तास उशिरा आणि शोधायला जास्त कठीण.

शिवाय रोबोपोर्टवर, म्हणजे रोबोंच्या तळावर, एका वेळी चारच रोबो चार्ज होतात. बाकीचे वर तरंगत बसतात, चोडणच्या फेरीसाठी रायबंदरच्या धक्क्यावर गाड्या लागतात तसे. संशोधन पूर्ण झालं तरी एक रोबो चारच नग उचलतो. सेकंदाला 15 नग हलवायचे तर दर सेकंदाला चारेक फेऱ्या सुटायला हव्यात, आणि हे फक्त दहा रिसायकलरचं झालं.

डिचोलीकरचं मात्र अर्धंच खरं. वेगळं करणं हा प्रश्नच नाही, खरा प्रश्न निचऱ्याचा. पणजीच्या 18 जून रस्त्यावर पाणी साचतं तेव्हा आपण पावसाला दोष देतो की गटाराला?

प्रत्येक फांदीवर आणखी एक स्प्लिटर टाका, त्याचं आउटपुट प्राधान्य कारखान्याकडे. दुसरं तोंड रिसायकलरकडे. कारखाना घेतो तोवर सगळं तिकडे जातं, तो भरला की वरचं रिसायकलरमध्ये. इथे फिल्टर लावू नका, लावलात की पुन्हा तीच बोंब.

काणकोणचो
यात एक खड्डा आहे, बरेच जण पडतात. निचऱ्यासाठी दोन रिसायकलर समोरासमोर ठेवतात, माल एकमेकांच्या तोंडात देत राहायचा. दर फेरीला चौथा हिस्सा उरतो, शेवटी शून्य. बर्फ, दगड, सॉलिड फ्युएल यांना हे झकास चालतं, कारण ते रिसायकल होऊन पुन्हा तेच होतात.

गियरला चालत नाही. गियरचा लोखंडी पत्रा होतो. पहिल्यात बेल्टवरून सतत गियर येतात, म्हणून त्याचा आतला खण गियरने भरलेला. दुसरा पत्रा परत द्यायला जातो, पहिला घेत नाही. दुसरा अडला म्हणून पहिला अडला. तुमचं गटारच तुंबलं!

गियरसाठी पहिला रिसायकलर बेल्टवर पत्रा टाकू दे, आणि तो बेल्ट वेगळ्या समोरासमोरच्या जोडीकडे न्या. तांब्याच्या तारेचंही तेच. काँक्रीटमधून विटा आणि लोह खनिज असे दोन जिन्नस निघतात, त्यांना आधी एक फिल्टर स्प्लिटर आणि मग दोन जोड्या.

म्हापशेची सुशी
एवढा खटाटोप? एकच गोल लूप, ‘सुशी’ म्हणतात तो, सगळा माल त्यावर फिरता, इन्सर्टर (माल उचलणारे यंत्रहात) हवं ते उचलतात. गेमच्या 2.0 आवृत्तीपासून बेल्टला एक तार जोडून संपूर्ण लूपवरचा माल मोजता येतो, आणि फिल्टर कुठल्याही इन्सर्टरला लागतो. सरळ बेल्टच्या एका चौकोनात आठ नग मावतात. शंभर चौकोनांचा लूप म्हणजे आठशे. त्यातले सहाशेच भरायचे, प्रत्येक जिन्नसाला मर्यादा द्यायची: ‘गियर 60 पेक्षा कमी असतील तरच टाक’. फक्त लूपमध्ये स्प्लिटर घालू नका, मोजणी तिथेच तुटते.

फोंड्याची स्प्लिटरवाली
अवकाशातल्या प्लॅटफॉर्मवर हे मलाही पटतं. तिथे लूपवर काय चढवायचं ते तू ठरवतेस. फुलगोरावर ते ठरवणारं भंगार. लूप म्हणाला ‘गियर पुरे’, तर रिसायकलरमधून निघालेला गियर जाणार कुठे? तोंडाशीच थांबणार. म्हणजे लूपच्या आधी निचरा हवाच, आणि निचरा केलास तर वेगळं करणं निम्मं झालंच की.

म्हापशेची सुशी
बरं, हे मान्य. पण वेगळं झाल्यावर विद्युतचुंबकीय कारखान्यांना माल वाटायला लूपच सरस. बारा बेल्ट समांतर ओढत नेणं मला तरी जमणार नाही.

चोडणचो रोबो
मीही थोडा मागे येतो. रोबोपोर्टला तार जोडून साठ्याचा आकडा वाचायचा. ‘गियर 5000 च्या वर’ ही अट निळ्या पेटीतून (रोबो मागितलेला माल आणून टाकतात ती) रिसायकलरमध्ये टाकणाऱ्या इन्सर्टरला द्यायची. तो झाला रोबोंचा निचरा. निळं सर्किट, लो डेन्सिटी स्ट्रक्चर असला कमी येणारा माल रोबोंकडे द्या. गियर, काँक्रीट, बर्फ बेल्टवरच राहू दे, हे आता पटलं.

काणकोणचो
फेकताना हात आखडता घ्या एवढंच सांगतो. होल्मियम मिनिटाला पंधराच मिळतं. त्याचं द्रावण करायला दोन होल्मियमला एक दगड आणि 10 पाणी लागतं, म्हणजे साठ दगडांतले साडेसात पुरतात. बाकीचे खुशाल उडवा. पण बर्फाचं तसं करू नका. या ग्रहावर जड तेलाचा समुद्र आहे, पाणी मात्र बर्फातूनच. पाणी वापरून जड तेलाचं हलकं तेल करायला (क्रॅकिंग) लागलात की बर्फ हा हा म्हणता संपतो. बर्फाच्या फांदीवर निचऱ्याच्या आधी चार पेट्या ठेवा.

डिचोलीकर
चार पेट्या मध्ये आल्या तर बेल्टचा वेग इन्सर्टरवर अडकणार नाही का?

काणकोणचो
बर्फ सेकंदाला सव्वाच येतो रे. साधा हिरवा बल्क इन्सर्टर एका हाताने उरकतो. गियर सेकंदाला पाच येतात, त्यांच्या फांदीवर मात्र पेटी घालू नकोस.