डोळ्यांदेखत : कोल्हापूरकरांनी पाहिलेलं जग

माझी आजी मागच्या दिवाळीत गेली. नव्वदी ओलांडली होती तिनं. लहानपणी ती तिच्या आईबरोबर वळिवड्याच्या कॅम्पात भाजी घेऊन जायची. "गोऱ्या बायका चर्चमध्ये गाताना लई रडायच्या," हे वाक्य तिच्या तोंडून मी शंभरदा ऐकलं असेल. का रडायच्या, हे मात्र एकदाही विचारलं नाही. ती गेल्यावर वाचायला बसलो. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत राजवटीनं पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना घरातून उचलून सायबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं. त्यातून जे सुटले, त्यांतले पाच हजारांच्या आसपास लोक इराणमार्गे आपल्या पंचगंगेच्या खोऱ्यात, याच वळिवड्याच्या कॅम्पात आले आणि १९४३ ते १९४८ इथं राहिले. बहुतेक बायका आणि मुलं. म्हणजे दुसऱ्या महायुद्धाची साक्षीदार माझ्या घरात चुलीपुढं बसलेली होती, आणि मी तिला मोबाईलचा रिचार्ज कसा मारायचा ते शिकवत होतो.

म्हणून हा धागा. जगाच्या इतिहासातल्या एखाद्या प्रसंगी तुम्ही स्वतः तिथं उभे होता का? घरातलं कुणी होतं का? मग ते लिहा. पेपरात वाचलेलं, टीव्हीवर पाहिलेलं नको. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना लिहिता येत नसेल तर त्यांच्याशेजारी बसा, ते सांगतील तसं टाईप करा. भाषा सुधारायला जाऊ नका.

उचगाव, वय ८९
(आजोबा सांगतायत, मी नात टाईप करतेय.)

मी आठ-नऊ वर्साचा असंन. आमची म्हस होती. आई डोईवर दुधाची चरवी घ्यायची आन् मी मागनं अंड्यांची पाटी. कॅम्पात लांबच्या लांब बराकी, एकीसारखी एक. दारं वाजवत जायाचं. आई वरडायची "दूदऽ" आन् आतनं बाई म्हणायची "म्लेको! म्लेको!" मला वाटायचं, तिचं नाव म्लेको हाय. पुढं कळलं, म्लेको म्हंजे दूध. अजून ध्यानात हाय बघ. अंड्याला याय्का. सकाळी भेटलं की जेन दोब्री.

एक बाई हुती, तिला एक पोरगा, माझ्याएवढाच. नवरा नव्हता. ती आम्हाला पाव द्यायची, घरीच भाजल्याला. एकदा टेबलावर पाव कापला, पोरानं खाल्ला. मग त्या बाईनं काय करावं? बोट जिभंला लावलं आन् टेबलावरचा एकेक कण त्या ओल्या बोटानं टिपून तोंडात टाकला. एक कण ठेवला न्हाई. घरात तर पावाची आख्खी वडी शिल्लक हुती. वाटंत आई म्हणाली, "ही बाई लई दिस उपाशी ऱ्हाऊन आल्याली हाय." आईला सायबेरिया ठावं न्हवतं. खरं तिनं दुष्काळ बघितला हुता.

त्या पोरासंगं मी गोट्या खेळायचो. त्याला मराठी शिव्या मीच शिकिवल्या. ते गेलं तवा मी टेसनावर गेलो न्हाई, आईनं न्हेलं न्हाई. एवढं राहिलं.

मंगळवार पेठ, वय ८६

३० जानेवारी १९४८. गांधीजींना गोळी घातली हे संध्याकाळी कळलं. त्यानंतर आपल्या गावात काय झालं ते जुन्या लोकांना माहीत आहे. घरं जळाली, जयप्रभा स्टुडिओ जळाला. आमच्या शेजारी एक ब्राह्मण कुटुंब होतं. त्यांची दोन मुलं आईनं आमच्या माळ्यावर, भुईमुगाच्या पोत्यांमागं बसवली आणि जिना काढून घेतला. दादा दाराशी उभे राहिले. मी आईच्या पदराआडून बघत होते. धुराचा वास आठवडाभर कपड्यांतून गेला नाही. ते लोक नंतर पुण्याला गेले, परत आले नाहीत. जास्त सांगवत नाही.

(आजी, एवढं लिहिलंत हेच खूप आहे. कुणीही त्यांना आणखी विचारू नये, ही विनंती.)

उद्यमनगर, वय ६८

मी फाउंड्रीतला माणूस. १९८९ मध्ये कंपनीनं तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला पश्चिम बर्लिनला पाठवलं होतं. वेडिंग नावाच्या कामगार वस्तीत एका बाईंच्या घरी खोली मिळाली. बाईंची बहीण भिंतीपलीकडं, पूर्व बर्लिनमध्ये राहायची. ह्या तिला भेटायला जाऊन यायच्या, पण बहिणीला २८ वर्षांत एकदाही अलीकडं येता आलं नव्हतं.

९ नोव्हेंबरला संध्याकाळी पूर्वेकडच्या सत्ताधारी पक्षाचा प्रवक्ता शाबोव्स्की पत्रकारांपुढं कागद वाचत होता. प्रवासाचे नवे नियम कधीपासून, असं कुणीतरी विचारलं. त्याला स्वतःलाच नीट सांगितलेलं नव्हतं. कागद चाळत तो म्हणाला, ताबडतोब. झालं! सगळं शहर नाक्यांवर लोटलं. मी झोपायच्या तयारीत, तेवढ्यात बाईंनी दार वाजवलं, कोट अंगावर टाकला आणि मला दंडाला धरून ओढतच बॉर्नहोल्मर रस्त्याच्या पुलावर नेलं. साडेअकराच्या सुमाराला फाटक उघडलं.

पहिल्यांदा माणसं आली, पळत नाही, चालतच, बिचकत. काही जण नुसतेच थांबून आपल्या पायांकडं बघत होते. मग त्यांच्या त्या ट्राबांट गाड्या आल्या. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारं. निळा धूर सुटला आणि माझ्या नाकात एकदम उद्यमनगर शिरलं. आपल्या बजाज स्कूटरचा वास! परक्या देशात, मध्यरात्री, हाडं गोठवणाऱ्या थंडीत. लोक प्रत्येक गाडीच्या टपावर हातानं थापा मारत होते, बैलाच्या पाठीवर मारावी तशी. मीही मारल्या. बाई प्रत्येक गाडीत वाकून बघत होत्या. बहीण त्या रात्री आली नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी आली. मी चहा केला.

पुढचे कित्येक दिवस लोक छिन्नी-हातोडा घेऊन भिंत फोडत होते. जर्मन त्यांना भिंतीचे सुतारपक्षी म्हणायचे. मीही एक टवका काढला. पक्का माल होता, आतली सळी दिसली. एकेक ठोकळा ३.६ मीटर उंच आणि पावणेतीन टनांचा. टवका देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात आहे, कुणाला बघायचा असेल तर यावं.

जर्सी सिटी, मूळ राजारामपुरी

११ सप्टेंबर २००१. कामावर जाताना नदीकाठी थांबले होते. ९ वाजून ५९ मिनिटांनी पलीकडं न्यूयॉर्कमध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरचा दक्षिणेकडचा टॉवर खाली बसताना पाहिला. आधी दिसला आणि आवाज मागाहून आला. त्या मधल्या काही सेकंदांत काठावर शेकडो माणसं होती आणि कुणीही श्वास घेत नव्हतं. एवढंच लिहू शकते.

कागल, वय ६३

२ ऑगस्ट १९९०, गुरुवार. मी कुवेतला एसी मेकॅनिक. पहाटे धडाधड आवाज. आम्हाला वाटलं, कुठं सुरुंग लावलेत. गच्चीवर गेलो तर चौकात रणगाडे. इराकी सैनिक म्हणजे सतरा-अठराची पोरं, तीच आम्हाला पाणी मागत होती.

चार वर्षांची कमाई कुवेती दिनारात. इराकनं आपला दिनार त्याच्या बरोबरीचा केला आणि आमचे पैसे म्हणजे रद्दी झाली. तीन आठवडे एका खोलीत अकरा जण. शेवटी बसनं बसरा, बगदाद, तिथून जॉर्डनची हद्द. वाळवंटात तंबू. दिवसा अंग भाजायचं, रात्री दात वाजायचे. टँकर आला की रांग मोडायची. माझ्या बॅगेत आईनं दिलेली कांदा-लसूण चटणीची बरणी होती. जॉर्डनमधले लोक खुबूस, म्हणजे अरबी रोटी, वाटायचे, त्यावर ती चटणी. बिहारचा एक, केरळचे दोघं, आंध्रचा एक, सगळ्यांनी बोटानं चाटून खाल्ली. डोळ्यांतनं पाणी यायचं, ते चटणीनं का कशानं, कुणी विचारलं नाही.

अम्मानहून एअर इंडियानं मुंबईला आणलं. नंतर समजलं, ५९ दिवसांत ४८८ फेऱ्या आणि पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं. मी त्यातला एक. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी कोल्हापूर स्टेशनवर उतरलो तेव्हा हातात ती रिकामी बरणी होती. पोरीनं मला ओळखलं नाही. ती तीन वर्षांची.

कदमवाडी, वय २५

मी युक्रेनमध्ये खार्किवला एमबीबीएसला होते. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाचा हल्ला सुरू झाला, तेव्हापासून सहा दिवस मेट्रो स्टेशनात. २ मार्चला दूतावासाचा निरोप आला, संध्याकाळी सहाच्या आत शहर सोडा, पायी निघावं लागलं तरी. रेल्वेत जागा मिळेना, बायका-मुलं चढत होती आणि ते बरोबरच होतं. पिसोचिन अकरा किलोमीटर. बर्फ पडत होता. आम्ही झेंडा काठीला बांधून चाललो. मागं काही पडलं की कुणी वळून बघायचं नाही, असं ठरवलं होतं. पुढं बसनं पोलंडची सीमा आणि तिथून ऑपरेशन गंगाच्या विमानानं दिल्ली.

खरं तर हे सगळं लिहिणार नव्हते. वरच्या उचगावच्या आजोबांचा शब्द वाचला आणि राहवलं नाही. सीमा ओलांडल्यावर पोलिश बायका टेबलं मांडून उभ्या होत्या. माझे हात गारठून वाकत नव्हते. एका बाईनं ग्लास माझ्या दोन्ही हातांत धरवला, वरून स्वतःचे हात लावले आणि म्हणाली, "म्लेको." आजोबा, माझ्या ग्लासातलं दूध गरम होतं.

गांधीनगर

आम्ही सिंधी. फाळणीनंतर आजोबा-आजी निर्वासित म्हणून इथं आले, पोलिश लोक गेल्यावर रिकाम्या झालेल्या त्याच बराकींत. आजी सांगायची, खोलीचं दार उघडलं तर आत काहीच नव्हतं, पण दारापुढं फुलझाडांची आळी होती, विटा तिरप्या लावून केलेली. झाडं सुकत आली होती. आजीजवळ सामान म्हणजे एक ट्रंक आणि एक बादली. तिनं ट्रंक उघडायच्या आधी नळावर जाऊन बादली भरून आणली आणि त्या आळ्यात ओतली. कुणी लावलीत, हे तिला माहीत नव्हतं.