निदान झाल्या झाल्या जीन टेस्ट: गरज की घाई?

तिरपी_रेघ
गेल्या महिन्यात डाव्या स्तनात गाठ लागली, बायॉप्सीत कॅन्सर निघाला. वय ४६. ते डोक्यात शिरतंय न शिरतंय तोवर डॉक्टरांनी दुसरा कागद पुढे सरकवला, जीन टेस्टचं संमतीपत्र. रक्ताची एक नळी द्यायची, मग बीआरसीए१, बीआरसीए२ वगैरे जीन्समध्ये जन्मापासूनच काही बिघाड आहे का ते बघणार. फॉर्मच्या खाली एक चौकोन, 'निकाल नातेवाईकांना कळवण्यास माझी संमती आहे'. पेन हातात धरून मी तिथेच अडकले.

माझं म्हणणं, १०० पैकी जेमतेम ५ ते १० जणींचाच ब्रेस्ट कॅन्सर असा आनुवंशिक असतो, मग बाकीच्यांच्या जिवाला हा घोर कशाला? कॅन्सर तर झालाय, तो कशामुळे झाला हे कळून गाठ काय विरघळणारे? त्यात धाकटी बहीण म्हणते, तू टेस्ट केलीस तरी मला सांगू नकोस. ट्रीटमेंट उरकू दे, मग बघू, असं का नाही चालत? बिनधास्त विरोध करा, फक्त 'पॉझिटिव्ह राहा' म्हणू नका, तो शब्द सध्या रिपोर्टातच पुरेसा वाचतेय.

चष्मेवाली
असहमत, आणि चांगलीच असहमत. गाठ विरघळणार नाही पण ऑपरेशन कुठलं करायचं ते बदलू शकतं ना! बीआरसीए१ मध्ये बिघाड असेल तर दुसऱ्या स्तनात नवा कॅन्सर होण्याची शक्यता पुढच्या २० वर्षांत साधारण ४० टक्के धरतात, बीआरसीए२ ला २६ च्या आसपास. हे आधी कळलं तर फक्त गाठ काढून रेडिएशन घ्यायचं की दोन्ही स्तन काढायचे हे बाईला स्वतः ठरवता येतं. टीपी५३ नावाच्या जीनमध्ये बिघाड निघाला तर रेडिएशन शक्यतो टाळायलाच बघतात. तुम्ही म्हणताय ट्रीटमेंट उरकू दे, अहो मग त्या माहितीचं लोणचं घालायचं का?

शिवाय औषध. ओलापॅरिबच्या गोळ्या, २०२१ च्या मोठ्या ट्रायलनंतर हर-टू निगेटिव्ह (म्हणजे गाठीत हर-टू नावाचं प्रोटीन जास्त नसलेल्या) आणि परत उलटण्याचा धोका जास्त असलेल्या बीआरसीएवाल्या पेशंटना केमो-ऑपरेशननंतर वर्षभर देतात. टेस्टच नाही केली तर तुम्ही त्यात बसता का हे कळणार कसं?

वाचनमात्र
एरवी नुसती वाचते, आज राहवलं नाही. चष्मेवाली, तुमचं सगळं बरोबर, पण निकाल 'आहे' किंवा 'नाही' असा सरळ येतो असं धरून चाललात. माझा तिसराच आला. एका जीनमध्ये बदल आहे पण त्याचा अर्थ अनिश्चित. डॉक्टर म्हणाले यावर कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, विसरून जा. विसरून जा!! केमोच्या दिवसांत रात्री दोन दोन वाजेपर्यंत मोबाईलवर तो अक्षर-आकड्यांचा कोड टाकून शोधत बसायचे मी, आणि दोन वर्षांनी लॅबचं पत्र आलं की तो बदल निरुपद्रवी ठरलाय. एका ओळीचं पत्र.

चष्मेवाली
वाचनमात्र, हे वाईट झालं, खरंच. पण ही चूक टेस्टची नाही, आधी कोणी बसून समजावलं नाही त्याची. जितक्या जास्त जीन्स तपासाल तितके असे अनिश्चित बदल जास्त सापडणार, आणि त्यातले बहुतेक पुढे निरुपद्रवीच ठरतात, हे नळी भरायच्या आधी सांगायला हवं होतं.

वाचनमात्र
हवं होतं, मान्य. पण बहुतेक ठिकाणी सांगतं कोण? आमच्याकडे ते 'समजावणं' म्हणजे नर्सबाईंनी 'इथे सही, इथे सही' करून बोट दाखवणं होतं.

घरकोंबडा
बायकांच्या चर्चेत घुसतोय, माफ करा, पण हा फक्त बायकांचा विषय नाही हेच सांगायचंय. ताईला ३८ व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर झाला. आईकडे कोणालाच नव्हता म्हणून आम्ही निवांत. काउन्सेलरबाईंनी कागदावर वंशावळ काढली, पुरुषांना चौकोन, बायकांना गोल, आणि एकेक विचारत गेल्या. वडिलांची आई कशाने गेली? आम्ही म्हटलं पोटात पाणी झालं आणि गेली. त्या थांबल्या. म्हणाल्या, ओव्हरीचा कॅन्सर असू शकतो. तो गोल त्यांनी अर्धा रंगवला आणि बाजूला प्रश्नचिन्ह काढलं.

बीआरसीए२ निघालं, वडिलांकडून आलेलं. प्रत्येक मुलाला, मग मुलगा असो की मुलगी, येण्याची शक्यता निम्मी. माझ्यातही आहे, त्यामुळे चाळिशीपासून प्रोस्टेटची तपासणी चालू आहे माझी. ताईने ओव्हरीज काढून घेतल्या, कारण तो कॅन्सर लवकर पकडेल अशी भरवशाची तपासणीच नाही. ताईची मुलगी ११ वर्षांची आहे, तिची टेस्ट आत्ता करत नाहीत, मोठी झाली की तिचं ती ठरवेल.

वेलांटी
सगळे एकाच सुरात ओढताय म्हणून लिहिते. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनांनी ६५ वर्षांपर्यंतच्या प्रत्येक नव्या पेशंटला ही टेस्ट देऊ करावी अशी शिफारस केली. देऊ करावी. गळ्यात मारावी नव्हे. आणि त्या धाकट्या बहिणीला न कळण्याचा हक्क आहे की नाही? तिला आज धडधाकट असताना 'तुझ्यातही असेल' हे ओझं कोणी द्यायचं?

घरकोंबडा
हक्क आहेच. पण तिला टेस्ट करायची नसेल तर तो निर्णय तिचा, धोका आहे हे तिच्यापासून लपवायचा निर्णय दुसऱ्याने का घ्यावा?

वेलांटी
लपवायचं कोण म्हणतंय? ती स्वतःच म्हणतेय सांगू नकोस! दार लावून घेतलेल्या माणसाला खिडकीतून ओरडून सांगणार का?

तिरपी_रेघ
सगळं वाचलं. चष्मेवाली, ऑपरेशन बदलू शकतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, हो, त्या मुद्द्यावर मी हरले. रक्त परवा देतेय, पण फक्त मोजक्या जीन्सचं, एकदम ढीगभर जीन्स तपासणारं भलंमोठं पॅनेल नको (वाचनमात्र, तुमच्यामुळे).

घरकोंबडांचं वाचून आईला फोन केला, विचारलं मोठी आत्या नक्की कशाने गेली. आई म्हणाली, 'तिच्या आजाराचं घरात बोलायचे नाहीत', आणि कुकर झाला म्हणून फोन ठेवला. आता चुलतभावाला विचारते. फॉर्मवरचा तो संमतीचा चौकोन अजून कोराच आहे.