दोन-चार एकराला बैलजोडी: परवडते म्हणणाऱ्यांनी जरा हिशोब मांडावा

तीनएकरी (मंगळवेढा)
परवा इथंच एकानं बैलजोडीचा व्हिडिओ टाकला. खाली लिहिलं होतं, "ट्रॅक्टर म्हणजे जमिनीचा खून. लहान शेतकऱ्याला बैलच परवडतात, खर्च शून्य." शेकड्यानं लाईक पडले. जमिनीचं राहू द्या, पण 'खर्च शून्य' वाचून तिडीक गेली डोक्यात.

माझं तीन एकर काळं रान, सगळं जिरायत. शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, आणि कडेला करडई. बैलाला काम किती? उन्हाळ्यात नांगरट, पावसाळ्यात कुळवाच्या पाळ्या, हस्त नक्षत्राच्या आगंमागं पेरणी, मग कोळपणी, म्हणजे ओळींमधलं तण काढून माती हलवणं. संपलं. बाकी वर्षभर दोघं दावणीला उभे, खाणं मात्र रोज. कडबा घरचा म्हणून फुकट, हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात? तोच कडबा शेकड्यानं, म्हणजे शंभर पेंढ्यांच्या भावानं, विकला असता तर पैसे आलेच असते की. शिवाय सरकी पेंड, पत्री म्हणजे खुराची नाल, डॉक्टर, लाळ्या-खुरकुताच्या दिवसातली धावपळ. ट्रॅक्टरला काम नसलं तर तो काही खात नाही. २०१९ ला आमच्या भागात चारा छावण्या लागल्या होत्या. तिथं जनावरांसोबत ज्यांनी रात्री काढल्यात, त्यांना विचारा शून्य म्हणजे किती ते.

मी जोडी विकली. रडलो नाही.

काळ्या रानचा
मालक, हिशोब अर्धाच मांडलात. वाफसा, म्हणजे औत चालण्याजोगी ओल, सगळ्या शिवाराला एकदमच येतो. गावात ट्रॅक्टर मोजके. आधी बागायतदाराचं, मग ट्रॅक्टरवाल्याच्या पाव्हण्याचं, शेवटी आमचं दोन एकर. तोवर वरची ओल उडून जाते, आणि शाळूचं सगळं त्या ओलीवर. बरं, घाई करून कच्च्या वाफशात ट्रॅक्टर घातला तर चाकाखाली रानाचा दगड होतो.

पेरणीचंच बघा. आमच्यात पाभरीमागं (पेरायच्या औतामागं) चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाटीवर, आई असते. मुठीतून बी सुटतंय तसं तिला कळतं, नळीत माती बसली की दोन पावलात औत थांबवते. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राची नळी तुंबली तर कळणार कधी? उगवून आल्यावर. बांधापासून बांधापर्यंत अख्खी ओळ मोकळी.

आणि कोळपणी? शाळूला तिसरी कोळपणी आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्यानं करायची, भेगा बुजवायला, म्हणजे उरलीसुरली ओल टिकते. तेवढ्या उंच पिकात कुठला ट्रॅक्टर घालताय?

सीनाकाठ
पॉवर विडर नावाचं तण काढायचं हातयंत्र बाजारात आहे अण्णा. पेट्रोल घाला, दोरी ओढा, चालू. त्याला वेसण घालावी लागत नाही.

काळ्या रानचा
वापरलाय. काळ्या रानात हाताला अशी कंपनं बसली की संध्याकाळी भाकरी मोडता येईना. उसाच्या सरीत चालत असेल तुमचा.

बार्शी ते पुणे
बैलजोडीच्या व्हिडिओची मूळ पोस्ट थोडी भावनिक असेल, पण मुद्दा बरोबरच आहे. ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरनं वरची माती पीठ होते, खाली तवा घट्ट बसतो, पाणी मुरत नाही. शेणखत संपलं तशी जमिनीतल्या सेंद्रिय कर्बाची वाट लागली. बैल म्हणजे नुसतं इंजिन नव्हे. आपल्या भागाची खिल्लार जात टिकवायची असेल तर प्रत्येकानं एक तरी जोडी दारात ठेवायला हवी.

तीनएकरी (मंगळवेढा)
तुमच्या दारात किती आहेत? कितव्या मजल्यावर?

सांगोलेकर
खिल्लारचा विषय निघालाच आहे तर ऐका. जात टिकवा म्हणणं सोपं आहे. खिल्लार गाय दूध देते वासरापुरतं, म्हणून घराघरात संकरित गाई आल्या. संकरित खोंडाला वशिंड नाही, मग जू बसायचं कशावर? ऊन लागलं की फेस गाळत उभा राहतो. राहिली ती खिल्लारं शर्यतवाल्यांनी महाग केली. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं बैलगाड्यांच्या शर्यती बंद केल्या तेव्हा खोंडाला गिऱ्हाईक नव्हतं. २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, २०२३ ला घटनापीठानंही शर्यतीचा कायदा ग्राह्य धरला, आणि आता जरा चपळ आदत (दुधाच्या दातांचं) खोंड दिसलं की त्याला टेम्पोतच गिऱ्हाईक. औताला शांत, चालीचा चौसा (चार दाती) बैल हुडकत आमच्या बाजारात अख्खी सकाळ हिंडा, मिळाला तर मला कळवा.

काळ्या रानचा
शर्यतीमुळंच खिल्लार वाचली, हे पण म्हणा की.

सांगोलेकर
वाचली. शर्यतवाल्यापुरती वाचली. शर्यतीच्या बैलाला अंडी-दूध घालणारा वेगळा आणि कुळव धरणारा वेगळा.

सीनाकाठ
खरा प्रश्न कुणी विचारेनाच. बैल म्हातारा झाल्यावर काय? ४ मार्च २०१५ पासून राज्यात बैलाचीही कत्तल बंद. त्याआधी म्हातारा बैल बाजारात द्यायचा, वर थोडी भर घालायची आणि नवं खोंड आणायचं. लहान शेतकऱ्याची जोडी या अदलाबदलीवरच चालायची. ती भरच आता अख्खी किंमत झाली. दहा वर्षं काम केलेल्या बैलाला पुढची पाच-सात वर्षं बसून घालायचं, आणि शेजारी कामाची जोडी पोसायची. दोन एकरात चार बैल?

बार्शी ते पुणे
आईवडील म्हातारे झाले की त्यांनाही बाजारात नेता का?

सीनाकाठ
आईबापाला नांगराला जुंपलं नव्हतं आम्ही. तुम्ही जुंपलं असेल तर माहीत नाही.

तीनएकरी (मंगळवेढा)
गोशाळेचं पण सांगतो. चुलत्याचा बैल जुळून, म्हणजे सगळे दात येऊन, वर्षं झालेली, खुराला जखम, उठता येईना. एका गोशाळेत फोन केला. जागा आहे म्हणाले, पण पहिल्या वर्षाच्या चाऱ्याचे पैसे जमा करा आणि आणून सोडायचं तुम्ही. टेम्पोत घातला तर वाटेत पोरांनी अडवलं. कुठं नेताय, कागद दाखवा. चुलता सत्तरीचा, त्याला चोर ठरवलं हमरस्त्यावर. त्या पोरांपैकी एकानं जन्मात शेणाची पाटी उचलली असेल तर मिशी काढीन.

काळ्या रानचा
कायदा चुकीचा म्हणायचंय का तुम्हाला? आमच्या घरचा बैल दावणीलाच गेला. बांधावर पुरला, वर मीठ घातलं. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, पुरणपोळी खाऊ घालायची आणि मग कसायाला द्यायचा, हे आमच्या घरात कधी बसलं नाही.

सीनाकाठ
तुमच्या घरात बसलं नाही, ठीक. पण ज्याच्या पोरीची फी भरायची राहिलीय त्यानं पण तुमच्याच घरासारखं वागावं, हे कोण ठरवतं? बैल विकत तुम्ही घेत नाही, पोसायला पैसे देत नाही, धर्म फक्त आमच्या दावणीला बांधता.

काळ्या रानचा
तोंड सांभाळून. माझी पण दोन एकरच आहे.

सांगोलेकर
दोघंही शांत व्हा ओ. ज्या खोंडाला पुढं मोल नाही त्याला लहानपणीच खुराक बंद होतो, हे रोज बघतोय. संकरित गाईला गोऱ्हा झाला की घरात सुतक. त्यावर बोला.

वैरणकाडी
सगळे वाचले. बापे कायद्यापर्यंत, कोर्टापर्यंत जाऊन आले. पहाटे गोठ्यातलं मूत-शेण कोण काढतं, वैरण कोण आणतं, दुपारी पाणी कोण दाखवतं, हे एकानंही लिहिलं नाही. तुम्ही 'माझी जोडी' म्हणता ते औत धरायचे दिवस. उरलेलं वर्ष ती बाईची जोडी असते. आमच्यात सासरे गेल्यावर बैल विकले. घरची झाडून सगळी पुरुषमंडळी डोळे पुसत होती. मी दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत झोपले.

तरी एक सांगते, म्हणजे त्या पुण्याच्या दादांना बरं वाटेल. शेणखताची ट्रॉली विकत घ्यायची वेळ आली तेव्हा भाव ऐकून मालकांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

बार्शी ते पुणे
ताई, मनापासून पटलं.

वैरणकाडी
पटलं तर सुट्टीत या. पाटी देते.

तीनएकरी (मंगळवेढा)
ताईंनी लिहिलं ते मी पहिल्या पोस्टमधे खर्चात धरायला हवं होतं म्हणता येईल, पण त्यानं माझाच मुद्दा पक्का होतो. काळ्या रानच्या अण्णांचा कोळपणीचा मुद्दा तेवढा खरा आहे. घ्या, दिला. गेल्या साली तिसरी कोळपणी झालीच नाही, भेगांत पाय जायची वेळ आली होती.

सांगोलेकर
मग जुना वारंगुळा काय वाईट होता? एक बैल तुमचा, एक शेजाऱ्याचा. खर्च निम्मा.

सीनाकाठ
शेजारी म्हणजे सख्खा भाऊ, आणि त्याच्याशी बांधाची केस चालू. वारंगुळा कुणाशी करता?

काळ्या रानचा
मंगळवेढ्याचे मालक, तुमचं रान आमच्यापासून लांब नसावं. कोळपणीला माझी जोडी मोकळी असते. आम्ही दोघं येऊ, कोळपी आमची. दर गावात चालतो तोच, दुपारची भाकरी तुमच्याकडं.

तीनएकरी (मंगळवेढा)
चालेल. पैसे कडबा निघाल्यावर, कडब्यातच दिले तर?

काळ्या रानचा
रोख. कडब्यावर बोलणी नको. गेल्या खेपेला एकानं शेकडा म्हणून ऐंशी पेंढ्या टाकल्या.

सांगोलेकर
ऐंशी भरल्या? नशीबवान आहात.