एक किलो मिठाची पुडी किती दिवस पुरते? (सोसायटी ग्रुपवरील चर्चा)

ए-२०३, खजिनदार: फॉरवर्ड फिरतोय: "साधं मीठ सोडा, सैंधव घ्या, बीपीची गोळी कायमची बंद." तपासणी शिबिरानंतर बरेचजण विचारतायत. जाणकारांनी सांगावं.

बी-३०४, सिस्टर: गोळी कुणीही आपल्या मनाने बंद करायची नाही. सैंधव म्हणजेसुद्धा सोडियम क्लोराईडच. रंग गुलाबी आणि भाव जास्त, बाकी बीपीला फरक शून्य.

सी-१०१, आहारतज्ज्ञ: माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ, असं जागतिक आरोग्य संघटना आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था दोघी सांगतात. म्हणजे सपाट छोटा चमचा. पण घरात चमचे मोजत कोण बसतं? त्यापेक्षा पुडी फोडली की तिच्यावर तारीख लिहा. घरात चारजण असतील तर ४ × ५ × ३० = ६०० ग्रॅम, म्हणजे एक किलो साधारण ५० दिवस जायला हवं. महिन्यातच संपलं तर माणशी ८ ग्रॅमच्या वर गेलात. लोणचं घालायला, मासे धुवायला वापरलेलं त्यातून वजा करा. बाहेरचा वडापाव, फरसाण यात धरलेलंच नाही.

डी-४०२: ताई, बोलायला सोपं आहे. रेशनचा तांदूळ-गहू आहे, पण भाजी पाचजणांत वाटीभर. ती अळणी केली तर भात घशाखाली उतरत नाही. मग ठेचा, लोणचं, पापड आलंच.

सी-१०१, आहारतज्ज्ञ: खरं दुखणं हेच आहे, बरं झालं बोललात. रेशनवर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. डाळ, भाजी, फळ आपल्या खिशातून. पोट धान्यावर भरायचं, तर ते उतरवायला खारट-तिखट लागतंच. त्यामुळे सोडियम वाढतं आणि पोटॅशियम कमी पडतं, कारण ते डाळी, पालेभाज्या, केळी, रताळी यांतून मिळतं. शरीरात सोडियम साठलं की पाणी धरून ठेवलं जातं, रक्तवाहिन्यांवर दाब वाढतो. पोटॅशियम पुरेसं असेल तर मूत्रपिंड जादा सोडियम बाहेर टाकतात. म्हणून नुसतं "मीठ सोडा" हा अर्धाच सल्ला झाला.

करायचं असं: मीठ तेवढंच ठेवा, भांडं मोठं करा. आमटीत मूठभर लाल माठ किंवा शेवग्याचा पाला, दुधीच्या फोडी घाला. मोड आलेली मटकी-चवळी पातळ करा, चौघांऐवजी सहाजणांना पुरते. भात आणि कणीक बिनमिठाची. पालेभाजी उकडून पाणी ओतून देऊ नका, पोटॅशियम त्यातच उतरतं. संध्याकाळी उशिरा बाजार उठताना जुड्या स्वस्त मिळतात.

ए-१०५, पोळीभाजी केंद्र: स्वयंपाकातलं सांगते. मीठ सुरुवातीला घालू नका, गॅस बंद करताना घाला, कमी पुरतं. लसूण आणि जिरं नीट खरपूस होऊ द्या. लिंबू पिळलं की मिठाची उणीव जाणवत नाही. एकदम अर्धं केलंत तर घरचे ताटावरून उठतील. पंधरा दिवसांनी पाव हिस्सा कमी करा, महिना-दीड महिन्यात जीभ वळते. पापडाला मीठ आणि पापडखार दोन्ही असतात, भजीच्या सोड्यातही सोडियम. लादीपावाच्या एका पावात अर्ध्या ग्रॅमच्या आसपास मीठ असतं, गोडसर लागतो म्हणून कळत नाही.

बी-२०६: सुकी मासळी बंद का मग? रविवारी तेवढंच तर असतं 😐

ए-१०५, पोळीभाजी केंद्र: सरसकट नाही हो दादा. बोंबील, जवळा बहुतेक नुसता उन्हात वाळवलेला असतो. खारवलेला बांगडा, सुरमई ही वेगळी गोष्ट. ती अर्धा तास भिजवा, पाणी फेका, पुन्हा भिजवा. कालवणात वेगळं मीठ नको.

डी-६०१, फार्मासिस्ट: पुडीमागचं लेबल वाचायला शिका. सोडियम मिलिग्रॅममध्ये असतं, त्याला अडीचने गुणा. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. इन्स्टंट नूडल्सच्या एका पुडीत एवढं सहज निघतं. आकडा बहुधा १०० ग्रॅमचा छापतात, पुडी केवढी आहे तेही बघा.

"लो सोडियम" मिठात थोडं पोटॅशियम क्लोराईड मिसळतात. चीनमध्ये ६०० गावांत ते वापरून पाहिलं, २०२१ मध्ये निकाल आला: पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी. पण किडनीचा त्रास असेल, किंवा टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यातली बीपीची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ अजिबात नको. रक्तात पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. आणि अंगदुखीला रोज डायक्लोफेनॅक, अॅसिडिटीला रोज फसफसणारी पावडर घेणाऱ्यांचं बीपी आटोक्यात येत नाही. पावडर म्हणजे खायचा सोडाच.

बी-२०६: हमाली, बांधकामवाल्यांनी तरी मीठ जास्त खायला पाहिजे ना? घामातून जातं.

बी-३०४, सिस्टर: रोजच्या जेवणातून भरून निघतं, उलट जास्तच होतं. उन्हात पाणी वारंवार प्या. जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएस, एरवी नाही.

रविवारी पुन्हा बीपी मोजायचं मशीन लावतोय. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री काही नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सोडून पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, छातीच्या पातळीत. दोनदा मोजू, मिनिटभराच्या अंतराने. १४०/९० किंवा वर आलं तर वेगळ्या दिवशी पुन्हा मोजायचं. १८०/१२० च्या वर आणि छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं, बोलणं अडखळणं यातलं काही असेल तर थेट मोठं हॉस्पिटल, रविवारची वाट बघू नका.

डी-४०२: लिंबू महाग असतं, चिंच-आमसूल चालेल का?

ए-१०५, पोळीभाजी केंद्र: चालेल, पण दोन्ही टिकायला मीठ लावून ठेवतात, आगळात (आमसुलाच्या खारट रसात) तर भरपूरच. आधी धुवून घ्या, कालवणात घालून चव बघा, मग लागलं तरच मीठ.