नगरपरिषदेच्या इलेक्शनमधली लव्हस्टोरी, दोन अंकी विनोदी नाटक लिहितेय, सल्ला हवाय

जुळे_सोलापूरकरीण

नमस्कार मंडळी. आमचा एक हौशी ग्रुप आहे, सगळे नोकरीधंदा करून संध्याकाळी तालमीला जमणारे, आणि यावेळी राज्य नाट्य स्पर्धेच्या सोलापूर केंद्रावर उतरायचं ठरलंय. नाटक मी लिहायला घेतलंय. हलकीफुलकी प्रेमकथा, जुन्या वळणाची, म्हणजे भांडणारी दोन घरं, चोरून भेटणं, भलत्याच माणसाच्या हातात पडलेलं पत्र, शेवटी लग्न, आणि हे सगळं एका छोट्या गावात, ऐन इलेक्शनच्या धामधुमीत. नायिकेचे वडील एका पॅनेलचे प्रमुख, नायकाचे काका दुसऱ्या पॅनेलचे, दोघं शेजारी राहतात आणि मधे एकच भिंत.

पहिला अंक निम्मा झालाय आणि तिथंच गाडी अडलीय. प्रेमाचे सीन एकीकडे चाललेत, राजकारणाचे दुसरीकडे. मागे बॅनर लावलेत, प्रचाराची रिक्षा फिरतेय, घोषणा आहेत, पण इलेक्शन काढून तिथं गणपती मंडळाची वर्गणी टाकली तरी गोष्ट तीच राहील, असं झालंय. ते मला नकोय.

आणखी एक, पुढारी म्हटला की गॉगल, गळ्यात साखळी आणि अडाण्यासारखं बोलणं, हे मी लिहिणार नाही. माझं आजोळ जिल्ह्यातलंच, तिथले नगरसेवक रात्री दोन वाजता माणसाला गाडीत घालून सोलापूरला सिव्हिलला आणणारे बघितलेत मी, त्यांची चेष्टा करून हशा मिळवायचा नाहीये. माणसं शहाणी आहेत आणि तरी प्रसंग असा येतो की धांदल उडते, तसा विनोद पाहिजे.

तर प्रश्न हा की निवडणुकीतल्या नेमक्या कुठल्या टप्प्यावर ही प्रेमकथा टांगता येईल? ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी प्लीज लिहा.

वसुली_खिडकी

ताई, मी नगरपरिषदेच्या कर विभागातून रिटायर झालोय, त्यामुळे जे सांगतो ते टेबलाच्या आतल्या बाजूनं बघितलेलं.

पहिलं म्हणजे गाव सोलापूर शहर ठेवू नका. सोलापूर १ मे १९६४ पासून महानगरपालिका आहे, इथं महापौर, तो नगरसेवक मिळून निवडतात, आणि नगरसेवक १०२, एवढ्या पसाऱ्यात दोन घरांचं भांडण हरवून जाईल. तुम्हाला नगरपरिषद पाहिजे. बार्शी, अक्कलकोट, सांगोला, मंगळवेढा, करमाळा, कुर्डुवाडी, दुधनी, मैंदर्गी, यातल्या कुठल्याही गावासारखं एक काल्पनिक गाव घ्या. तिथं नगराध्यक्ष थेट जनता निवडते अशी पद्धत धरा (२०१६ ला तशीच होती, मधे बदलली, परत आणली).

आता तुमची खरी सोन्याची खाण म्हणजे प्रभागरचना. एका प्रभागात साधारण दोन जागा असतात, अ आणि ब. २०११ पासून निम्म्या जागा महिलांना, त्यामुळे बहुतेक ठिकाणी एक जागा महिला, एक सर्वसाधारण. आता बघा, नायिका वडिलांच्या पॅनेलकडून अ मधे उभी, नायक काकांच्या पॅनेलकडून ब मधे उभा. प्रभाग एकच. म्हणजे कायद्यानं ते एकमेकांच्या विरोधात उभेच नाहीत! तिची लढत दुसऱ्या बाईशी, त्याची दुसऱ्या माणसाशी. पण गावाच्या, घराच्या, पॅनेलच्या हिशेबात दोघं कट्टर विरोधक. आणि मतदाराला तीन बटणं दाबायची असतात, नगराध्यक्ष, अ आणि ब. दोन्ही बाजूचे कार्यकर्ते घसा फोडून सांगत असतात पॅनेल टू पॅनेल चालवा, तिन्ही बटणं आपल्याच चिन्हावर. आणि गल्लीतली एखादी म्हातारी सरळ म्हणते, मी अ ला हिला देणार आन ब ला त्याला देणार, दोघं शोभतात. झालं, दोन्ही कार्यालयांत बैठका.

ती उभी कशी राहते? आरक्षणाच्या सोडतीतून. प्रभागाच्या महिला आरक्षणाची सोडत गावातच निघते, सगळ्यांसमोर, शाळेतल्या लहान पोराच्या हातानं चिठ्ठी काढतात. नगराध्यक्षपदाचं आरक्षण मात्र मुंबईला मंत्रालयात निघतं. म्हणजे वडिलांनी पाच वर्षं जपलेली जागा एका चिमुरड्यानं हात घातला आणि महिला झाली. नगराध्यक्षपद खुलं निघालं म्हणून वडील तिकडे, आणि जुन्या जागेवर पोरगी. वय २१ पूर्ण पाहिजे एवढं लक्षात ठेवा, आणि ती कुणाच्या हातातलं बाहुलं नको, तिला गटारीचं आणि पाण्याचं काम खरंच करायचंय असं दाखवा.

नंतर आमची खिडकी. फॉर्म भरायच्या आधी घरपट्टी पाणीपट्टी थकीत नसल्याचा दाखला काढायला सगळे इच्छुक एकाच रांगेत उभे असतात, काल एकमेकांवर भाषणं ठोकलेले आज एकमेकांचा पेन मागतात. तुमच्या दोन घरांत भिंत एक आहे ना, मग उताऱ्यावर मिळकतही एक दाखवा. आजोबांच्या वेळचा वाडा, वाटणी तोंडी झालेली, कागदावर नावं दोन्ही घरांची. एकानं भरली नाही तर दुसऱ्याला दाखला मिळत नाही. दोन्ही घरचे वडीलधारे बोलत नाहीत, मग रांगेत बोलायचं कुणी? पोरांनी.

अक्कलकोट_नाका

वरचे काका, तुम्हीच लिहा की नाटक. 🙏

मी भाषेबद्दल सांगतो. गाव आमच्या बाजूचं घेतलं तर घरात कन्नड, दारात मराठी, बाजारात दोन्ही. प्रचाराला दारोदार जाताना हे फार कामाचं आहे. नायिकेची आई कर्नाटकातली ठेवा, ती घरोघर जाऊन "ऊटा आतेन्री?" म्हणून जेवणाची चौकशी करते आणि आजीबाया तिला आत घेऊन बसवतात. नायक बार्शीला मामाकडं वाढलेला, त्याला कन्नड येत नाही, तो उंबऱ्यावर हात जोडून नुसता हसतोय. मग रात्री भिंतीपलीकडून ती त्याला चार वाक्यं शिकवते, दुसऱ्या दिवशी विरोधी पॅनेलचा उमेदवार तिच्याच आईच्या ढंगात बोलत दारोदार फिरतोय आणि आई ऐकतेय. आईला कळतं, बाकी कुणाला नाही. सगळ्यात आधी आईला कळणं मला फार आवडेल, कारण आमच्याकडं घराघरात तसंच होतं.

सोलापुरी बोली घालाच, पण नायकाच्या मित्राच्या तोंडी जास्त. "काय करलालास बे, तिकडं काका शोधलालेत" असं तो बोलला की हॉल आपला. वडील काका मंडळींना मात्र साधी, वजनदार मराठी द्या. आणि तुम्ही पुढाऱ्यांची चेष्टा नको म्हणालात ते मनापासून पटलं. आपल्याच जिल्ह्यात सांगोल्यातून ११ वेळा आमदार झालेले गणपतराव देशमुख एसटीनं प्रवास करायचे, अशी माणसं डोळ्यासमोर असताना प्रत्येक पुढारी लबाड का दाखवायचा.

पूर्वभाग_९

वाचूनच मजा आली. प्रयोग हुतात्मा स्मृती मंदिरला असेल तर तारीख टाका, आम्ही सगळे येणार.

तिसरी_घंटा

मी दिग्दर्शन करते म्हणून रंगमंचाच्या बाजूनं लिहिते, थोडं वेगळं मत पण आहे.

मिळकत एक, प्रभाग एक, जागा दोन, हे इतकं चांगलं आहे की बाकी फार काही लागणारच नाही. माझी विनंती आहे की आणखी प्रसंग भरू नका. सेट एकच ठेवा, मधे भिंत, डावीकडं एक प्रचार कार्यालय, उजवीकडं दुसरं. प्रेक्षकाला दोन्ही दिसतात, पात्रांना एकच बाजू दिसते, निम्मा विनोद तिथंच होतो. भोंगे रात्री दहाला बंद करावे लागतात, सकाळी सहापर्यंत, हा नियम वापरा. दिवसभर दोन्ही बाजूंचे भोंगे एकमेकांवर ओरडतायत आणि दहा वाजले की एकदम शांत, आणि त्याच शांततेत भिंतीपाशी या दोघांची बोलायची वेळ. रोजची. मग एका रात्री भोंगा बंद करायला ऑपरेटर विसरतो किंवा माईक भिंतीवर तसाच चालू राहतो, पुढं काय होतं ते मी सांगायची गरज नाही 😊 चुकीच्या हातात पडलेल्या पत्रापेक्षा मला हे जास्त आवडलं, पत्र आजकाल कोण लिहितं.

दुसरं, छाननीचा दिवस हवाच. अर्जांवर हरकती घेतात तो दिवस. नायकाच्या अर्जात एक खोट आहे आणि ती फक्त नायिकेला माहितीय, कारण त्यानंच भिंतीपाशी सांगितलीय. तिच्या वडिलांचे लोक खोट शोधतायत. ती गप्प राहिली तर वडिलांशी दगा, बोलली तर त्याच्याशी. विनोदी नाटकात हा एक क्षण खरा गंभीर ठेवा, दोन मिनिटं हॉलमधे हसू थांबलं पाहिजे, नाहीतर शेवटचं लग्न कुणाला हवंहवंसं वाटणार नाही. तोडगा मी असा काढेन की ती वडिलांना सांगते, माहितीय पण सांगणार नाही, आणि वडील तिच्याकडं बघत राहतात. चिडत नाहीत. तो माणूस तुम्ही म्हणता तसा शहाणा आहे ना, मग त्याला तेवढं मोठेपण द्या.

गड्डा यात्रेचा, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या जत्रेचा, मोह होईल कारण सिद्धेश्वरांचा अक्षता सोहळा म्हणजे आपल्याकडचं सगळ्यात मोठं लग्न, संमती कट्ट्यावर बाराबंदी घातलेली गर्दी, अक्षता हवेत. पण तो सोहळा रंगमंचावर विनोदाला वापरू नका, आपल्या सगळ्यांच्या श्रद्धेची गोष्ट आहे. होम मैदानावरचा गड्डा वापरा, पाळणे, स्टॉल, तो चालतो.

जुळे_सोलापूरकरीण

काय बोलू, डोळे भरून आले वाचताना. संध्याकाळी ग्रुपला वाचून दाखवलं, आमच्यात वडिलांचं काम करणारे गृहस्थ म्हणाले छाननीचा सीन असाच्या असा पाहिजे, नाहीतर मी काम करत नाही.

पत्र काढून टाकलं. उताऱ्यावरची एकच मिळकत आता नाटकाचा कणाच झालाय, पहिला अंक दाखल्याच्या रांगेत सुरू होतो. गड्डा मी माघारीच्या दिवसाला जोडलाय. माघारीची मुदत दुपारी तीनला संपते आणि त्या दिवशी दोन्ही पॅनेल आपापले उमेदवार फुटू नयेत म्हणून लपवून ठेवतात, फोन बंद, तर इकडं दोघांचेही फोन एकाच वेळी बंद लागतात आणि दोन्ही कार्यालयांत एकच बोंब की आपला माणूस तिकडं गेला. हे दोघं होम मैदानावर पाळण्यात. तीन वाजून जाईपर्यंत खाली उतरत नाहीत, कारण खाली उतरलं की कुणीतरी माघार घ्यायला लावणार.

शेवटाबद्दल मात्र ठरत नाहीये. दोघंही निवडून येणार हे नक्की. पण वडील आणि काका नगराध्यक्षाला समोरासमोर, त्यांचं काय? समान मतं पडून चिठ्ठी काढायची वेळ आली तर, असं डोक्यात आहे. ते खरंच होतं ना?

वसुली_खिडकी

होतं. समान मतं पडली तर निवडणूक निर्णय अधिकारी चिठ्ठी काढूनच निकाल देतो, तशी तरतूदच आहे.

तिसरी_घंटा

मला चिठ्ठी नको वाटते. पूर्ण नाटक माणसांच्या निर्णयांवर चाललंय, ती गप्प राहते, ते पाळण्यातून उतरत नाहीत, आई ओळखते आणि बोलत नाही, आणि शेवट नशिबावर सोडायचा? वडील चार-पाच मतांनी हरू देत, आणि ती मतं कुणाची ते त्यांना माहिती असू देत. आईचं एक मत त्यात धरा.

अक्कलकोट_नाका

आईनं नवऱ्याला मत दिलं नाही हे आमच्याकडचा प्रेक्षक घेणार नाही ताई, मला तरी पटत नाही. चिठ्ठी ठेवा. दोघांना एकदा असं उभं करा की पैसा, माणसं, भाषणं काहीच उपयोगाचं नाही, समोर एक लहान पोरगं आणि बरणी, आणि दोघं शेजारी शेजारी घाम पुसतायत. वीस वर्षांत पहिल्यांदा इतके जवळ उभे राहिलेत. हरलेला आधी हात पुढं करतो की जिंकलेला, हा निर्णय माणसाचाच आहे की.

तिसरी_घंटा

हां, हात कोण पुढं करतो त्यावर शेवट असेल तर मी चिठ्ठी मान्य करते. आईचं मत मागे घेते.

वसुली_खिडकी

निकालावर पडदा पाडू नका एवढं माझं ऐका. त्यानंतर एक छोटा प्रवेश ठेवा, पहिली सर्वसाधारण सभा. प्रत्येक ठरावाखाली इतिवृत्तात दोन नावं लागतात, सूचक आणि अनुमोदक. त्यांच्या गल्लीतल्या गटारीचा ठराव येतो, सूचक ती. अनुमोदक म्हणून तिच्या पॅनेलचं कुणी उठायच्या आत समोरच्या बाकावरून तो उठतो. नगराध्यक्षाच्या खुर्चीवर वडील असोत की काका, त्यांना सभागृहात विचारावंच लागतं, कुणाची हरकत आहे का? आणि सगळं सभागृह ओळखून आहे की विचारतायत कशाबद्दल.

कामाचं आणखी एक, स्क्रिप्ट पूर्ण झालं की रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं वेळेत पाठवा, प्रमाणपत्र लागतं. आणि पक्षांची नावं, चिन्हं सगळी काल्पनिक ठेवा, चिन्ह सध्या कुणाला मिळालेलं नाही ना ते बघून घ्या, आपल्या भागात कपबशी, शिट्टी, नारळ असली चिन्हं अपक्षांना बऱ्याचदा मिळतात, ऐन इलेक्शनला प्रयोग लागला तर पंचाईत होईल.

जुळे_सोलापूरकरीण

सभेचा प्रवेश घेतला काका, आत्ता लिहायला बसतेय. हरकत आहे का विचारल्यावर पहिला आवाज कुणाचा ते ठरलंय, मागच्या खुर्चीवरून आई बोलणार, कन्नडमधे. अक्कलकोट_नाका, ते वाक्य तुम्ही लिहून द्या, शनिवारी वाचन आहे.