रोड सायकल ट्यूबलेस करायचीय: पैसे कुठे वाचवायचे, कुठे नाही?

आरेवाला
७००सी चाकं, ॲल्युमिनियम रिम, आतली रुंदी १९ मिमी, रिमवर ‘ट्यूबलेस रेडी’ छापलंय. टायर २८ मिमीचे, साधे क्लिंचर (आत ट्यूब घालून वापरायचे). घरी फक्त उभा पंप आहे. तयार किट न घेता सुटं सामान आणून जमेल का? आणि आहेत तेच टायर सीलंट (छिद्रं बुजवणारं द्रव) घालून चालतील का?

फ्रीव्हील
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. साध्या क्लिंचरची बीड (रिममध्ये बसणारी टायरची कड) दाबाखाली ताणते आणि ट्यूब नसेल तर रोडच्या ६०-७० पीएसआयला टायर रिमवरून उडू शकतो, तोही चालत्या सायकलवर. टायर ट्यूबलेस रेडीच घ्या. बचत बाकीच्या सामानात करा.

आऱ्यांची भोकं झाकायला रिमच्या आत लावायची टेप आतल्या रुंदीपेक्षा २-३ मिमी जास्त, म्हणजे २१ किंवा २२. एका वेढ्याला जेमतेम २ मीटर लागते. रोडच्या दाबाला दोन वेढे हवेत, त्यामुळे १० मीटरच्या रोलमध्ये दोन्ही चाकं उरकतात. कापडी डक्ट टेप स्वस्त पडते, पण तिचा गोंद रिमला चिकटून राहतो आणि पुढच्या वेळी खरवडत बसावं लागतं.

जुनी पट्टी काढून रिम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. व्हॉल्व्हच्या भोकाच्या वीतभर आधी सुरुवात करा, टेप ताणून धरा आणि अंगठ्याने खोबणीत दाबत पुढे जा. भोकावर ब्लेडने फुली मारू नका, चीर पुढे फाटत जाते. बारीक खिळा तापवून टेकवला की कडा वितळून गोल भोक पडतं.

आता उभ्या पंपाची अडचण. टायरमध्ये आधी ट्यूब घालून ८० पीएसआय भरा आणि रात्रभर ठेवा. टेप दाबून बसते, बीडही जागेवर जाते. सकाळी एकाच बाजूची कड उचलून ट्यूब काढा. दुसरी बाजू बसलेलीच राहते, म्हणजे पंपाचं निम्मं काम झालं. मग ट्यूबलेस व्हॉल्व्ह लावा (कोअर, म्हणजे आतली छोटी झडप, निघणाराच घ्या), नट फक्त बोटांनी आवळा, बीडला साबणाचं पाणी लावा. कोअर काढून भराभर पंप मारा. ‘टण्ण’ आवाज आला की बीड बसली. हवा सोडा, सिरिंजने व्हॉल्व्हमधून ३० मिली सीलंट घाला, कोअर लावा, पुन्हा भरा.

घंटी
८० भरण्याआधी रिमची कड आतून बोटाने चाचपा. टायर धरून ठेवणारा, आत वळलेला काठ म्हणजे हूक; तो नसेल, म्हणजे रिम हूकलेस असेल, तर कमाल ५ बार, साधारण ७२ पीएसआय. ट्यूब घालून बसवतानाही तेवढंच. शिवाय हूकलेसला कोणता टायर कोणत्या रिमवर चालतो याची टायर आणि रिम दोन्ही कंपन्यांची यादी जुळायला हवी.

फ्रीव्हील
बरोबर, हे आधी लिहायला हवं होतं. टायरवर छापलेला कमाल दाबही ओलांडू नका.

आरेवाला
रिमला हूक आहे. पुढचं चाक झालं. मागचं मात्र रात्रीत ७० वरून २० वर येतं. साबणाचं पाणी लावलं तर बीडपाशी काहीच नाही, बुडबुडे आऱ्यांच्या मुळाशी, सहा-सात ठिकाणी. टेप इतक्या ठिकाणी फाटली?

फ्रीव्हील
नाही, बहुधा एकाच ठिकाणी. रिम पोकळ असते. हवा टेपखाली एकदा शिरली की आतून फिरते आणि वाट मिळेल त्या आऱ्यापाशी निघते. पहिला संशय व्हॉल्व्हच्या भोकावर: नट थोडा आवळा, व्हॉल्व्ह खाली येईल असं चाक काही तास ठेवा म्हणजे सीलंट तिथे साचेल. फरक नाही पडला तर टायर उतरवून टेप बघा. टायर काढायच्या लिव्हरचं टोक लागून बारीक छिद्र पडलेलं असतं. जास्त सीलंट ओतून हे झाकू नका, ते रिमच्या पोकळीत जाऊन वाळतं. टेप नवीन लावा.

घंटी
आणि सीलंट दर ३-४ महिन्यांनी बघत जा, उन्हाळ्यात त्याआधीच. सुटी ट्यूब सोबत हवीच. वाटेत ती घालायची वेळ आली तर आधी ट्यूबलेस व्हॉल्व्ह काढा आणि टायर आतून सावकाश चाचपा: सीलंटने बुजवलेले जुने काटे तिथेच असतात, ते ट्यूबला लगेच टोचतात.