मदत हवी आहे : कुमारवयीन वाचकांसाठीची कादंबरी कुठे पाठवावी?

नमस्कार मंडळी. मी इंदूरची, रामबागेत राहते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी कादंबरी लिहून झाली आहे. माझं अजून एकही पुस्तक आलेलं नाही. कथेत जादू नाही, हेरगिरी नाही. इथल्या भंवरकुआं भागातल्या कोचिंगला जाणारी अकरावीतली मुलगी, घरी आजीशी मराठी, बाहेर सगळं हिंदी. बायो सोडायचंय हे ती डब्याच्या झाकणावर पेनाने लिहिते आणि पुसते. घरात बोलत नाही.

'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, पण त्याचा वाचक वयाने लहान. 'साधना' साप्ताहिकाच्या युवा दिवाळी अंकात कथा बसेल, अख्खी कादंबरी कशी बसणार?

नवख्या लेखकाचं असं हस्तलिखित कोणते प्रकाशक खरंच वाचतात? एकाने छपाईचा खर्च मागितला, मी नाही म्हटलं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदानासाठी महाराष्ट्राबाहेरून कोणी अर्ज केलाय का? आणि हिंदी संवाद तसेच ठेवले तर पुण्या-मुंबईचे संपादक अडून बसतील का? मला ते काढायचे नाहीत, इथली मुलं तशीच बोलतात.

अनुभव असेल तर सविस्तर लिहा. पहिली काही प्रकरणं वाचायला कोणी तयार असेल तर लगेच पाठवते.